जन्मजात की संगतीनं?

सुभेदार नाथाजींचा भैरोबावर विश्वास होता, तसा मेडिकल बोर्डावरही होता. खरं सांगायचं तर बोर्डावर जरा जास्तच. आता यात हसण्यासारखं काही नाही. उभी उमर फौजेत गेलेल्या कुणालाही विचारा. जवान गुडघा धरून कितीही कण्हू दे, त्याला सगळे कामचुकारच म्हणतात. पण एकदा बोर्ड बसलं, डॉक्टरनं सही ठोकली, की तोच गुडघा सरकारी होतो. मग हवालदारसुद्धा तोंडातली शिवी गिळतो आणि 'बस रे बाबा' म्हणतो. दुखणं तेच, माणूस तोच, पण आता त्याला कुणी बोल लावत नाही. रिटायर होऊन साताऱ्याजवळच्या आपल्या गावी आल्यावरही सुभेदारांचं हे खूळ गेलं नव्हतं. गावात बांधावरून वाद होऊ दे नाहीतर सासूसुनांत, हे आपले म्हणायचे, "बोर्ड बसवा. लिहून घ्या. इशय संपला."

मग स्वतःच्या पोराचा विषय घरात आला तेव्हा हा माणूस दुसरं काय शोधणार?

धाकट्या मयूरीचं लग्न मलकापूरला जमत आलं होतं, आणि वरद त्यांचा थोरला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद परदेशी धाडणाऱ्या एका व्यापाऱ्याकडं माल तपासायच्या कामावर होता. तिशी ओलांडली, स्थळं येऊन येऊन थकली, तेव्हा मागच्याच्या मागच्या दिवाळीत त्यानं आईबापाला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. माझ्यासाठी मुलगी बघू नका. मला मुलींची ओढ नाही, कधीच नव्हती. सांगलीत देवदत्त म्हणून माझा जोडीदार आहे, कॉलेजात शिकवतो, आम्ही दोघं एकत्र राहतो.

त्याची आई गोदावरीबाई पदर तोंडाला लावून चुलीपाशी गेल्या. खूप रडल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "त्यो तिखट खातो का आळणी?" पोराशी बोलणं त्यांनी एक दिवस सोडलं नाही. सुभेदारांनी मात्र सोडलं. वरद जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "अण्णा, तुम्ही बोलवाल तेव्हा येईन." यांनी बोलावलं नाही. आणि रोज संध्याकाळी सांगलीकडची एस्टी यायच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभे राहायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हवा खातोय." साताऱ्याच्या माणसाला हवा खायला फाट्यावरचा धुरळा लागतो होय? पण सुभेदारांना तोंडावर कोण बोलणार.

अशात चैत्रातली यात्रा जवळ आली. यात्रेला भैरोबाची सासनकाठी निघते. उंचच उंच कळकाचा बांबू, त्याला रंगीत पट्टे, शेंड्याला तुरा. एकानं बुंधा कमरेच्या पट्ट्यात पेलायचा, आणि बाकीच्यांनी चारी बाजूंनी दोऱ्या ताणून काठी सरळ ठेवायची. दोरी कुणीही धरावी, पण बुंध्याचा मान सुभेदारांच्या घराचा. बापाकडून पोराकडं येणारा. सुभेदारांचे गुडघे आता बोलत होते. यंदा बुंधा वरदनं घ्यायचा, असं पोरगं लहान होतं तेव्हापासून ठरलेलं. पण सांगलीची कुणकुण भावकीला लागली होती. "असल्या पोराच्या हातात देवाची काठी द्यायची व्हय?" असं पारावर सुरू झालं, आणि यात्रेआधी भावकीची बैठक ठरली.

सुभेदारांना मान सोडायचा नव्हता. त्याहून खरं म्हणजे, मानाच्या निमित्तानं का होईना, पोरगं घरी यायला पाहिजे होतं. जीव तुटत होता त्यांचा. पण बाप माणूस, 'ये रे बाबा' असं सरळ म्हटलं तर मिशी गळून पडते ना!

आणि नेमकी पेपरात बातमी आली. काही पुरुषांना पुरुषाचीच नि काही बायकांना बाईचीच ओढ का वाटते, ते उपजत असतं का, याचा शोध सांगलीतली एक संशोधन संस्था घेते आहे. डॉक्टर ताहेरा नावाच्या बाई त्याच्या प्रमुख आहेत. अशा माणसांच्या घरोघरच्या मंडळींची लाळ नि रक्त तपासतात. या संशोधनावरून वाद पेटला आहे, असंही खाली बरंच काही होतं, पण सुभेदार तिथवर वाचत गेलेच नाहीत. "सापडलं बोर्ड!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. "जन्मजात हाय म्हणून डाक्टरनं लिहून दिलं, की पोराचा दोष संपला. काठी आपली, पोरगं आपलं."

"आवं, पन पोराला इचारा तरी," गोदावरीबाई म्हणाल्या.

"बोर्डाला जवानाची परवानगी लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सुभेदार सांगलीला.

यार्डात हळदीचा असा काही धुरळा उडत होता की हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. वरद एका थप्पीपाशी उभा होता. लोखंडी नळी पोत्यात खुपसायची, आतली हळकुंडं तळहातावर घ्यायची, एक मोडून बघायचं, असं त्याचं चाललं होतं. बापाला बघून त्याच्या हातातली नळी तशीच राहिली. पळत आला, पाया पडला. सुभेदारांना त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता; त्यांनी तो ठेवला पण, आणि लगेच खाकरून कामाचं काढलं.

वरदनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी नमुना देणार नाही, अण्णा."

"का? पोत्याचा नमुना काढतूस की दिसभर. सोताचा द्यायला काय झालं?"

"पोतं विकायचं असतं म्हणून काढतो. मला कुणाला विकायचंय?"

 हे पोरगं लहानपणापासून असंच, कमी बोलायचं आणि वर्मावर बोलायचं.

"आणि समजा," वरद हळूच म्हणाला, "रिपोर्टात काही नाही निघालं तर? तर मी खोटा? मग फाट्यावरूनच परत जायचं का मी?"

"न निघायला काय झालं? निघंलच की!"

"अण्णा, तुम्हाला माझी बाजू घ्यायचीय, हे कळतंय मला. बरं वाटलं. पण माझी बाजू घ्यायला तुम्हाला रक्ताची बाटली कशाला लागते?"

सुभेदारांना रागच आला. ते तरातरा बाहेर पडले, रिक्षा केली आणि एकटेच संस्थेत गेले. पोराचं नाही तर नाही, बापाचं रक्त तर आहे! वंश एकच.

संस्थेच्या फाटकाबाहेर माणसांचे दोन घोळके होते, मधे पोलीस. दोन्हीकडं फलक. एका बाजूला 'असले थेर शास्त्राच्या नावावर खपवू नका' असं काहीतरी, आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजातली पोरं-पोरी, त्यांच्या फलकावर 'आम्ही आजार नाही, आमचं कारण शोधू नका'. सुभेदारांची मती गुंग झाली. दोघांनाही संशोधन बंद पाहिजे, मग एकमेकांवर का ओरडतात? पोरांच्या घोळक्यातल्या एका मुलीला त्यांनी गाठलं.

"बाळ, तुमी तर खूश व्हायला पायजे. जन्मजात हाय म्हणून सिद्ध झालं तर तुमाला कोन नावं ठेवंल?"

मुलगी हसली, पण हसण्यात आनंद नव्हता. "आजोबा, तुमच्या आमच्या भागात पोटातली मुलगी ओळखता यायला लागली, तेव्हा लोकांनी काय केलं? ती जन्मजात मुलगी आहे म्हणून सोडली का तिला? उद्या हेही पोटात ओळखता येतं असं कुणी म्हणालं, की पहिली रांग सोनोग्राफीच्या दारात लागेल."

सुभेदारांना ते बोलणं आवडलं नाही. मानेवरून झुरळ झटकावं तसं झटकून ते आत गेले.

डॉक्टर ताहेरा चाळिशीच्या, सांगलीच्याच. बोलणं अगदी घरच्यासारखं. काकांना पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडं वळवला. सुभेदारांनी बाही वर सारून हात पुढं केला. "घ्या रगत. आन लिहून द्या, जन्मजात म्हणून."

"काका, असं नाही लिहून देता येत." बाईंनी त्यांची बाही परत खाली सारली. "वंशाचा काही वाटा असतो, हे आता बऱ्यापैकी दिसतंय. पण तो एकाच ठिकाणी नसतो. हजारो बारीकसारीक गोष्टी, प्रत्येकीचा कणभर वाटा. शिवाय आईच्या पोटात काय काय घडतं तेही असेल. हजारो माणसं एकत्र पाहिली तर काही अंदाज येतो. एका माणसाचं रक्त बघून मी तो कसा आहे ते सांगू शकत नाही. आजच काय, पुढंही सांगता येईल असं मला वाटत नाही."

"मग संगतीनं व्हतंय?"

"नाही. संगतीनं, लाडानं, शहरात गेल्यानं माणूस असा होतो याला काही आधार सापडलेला नाही."

"म्हंजी जन्मजातच की!"

"काका, मी एवढं सोपं करून सांगत नाहीये..."

"अन भाईर ती पोरं? त्यांचं म्हणणं तुमाला पटत न्हाई?"

बाईंनी खिडकीतून फाटकाकडं बघितलं. "त्यांची भीती खोटी नाही. मलासुद्धा कधी कधी झोप लागत नाही. कुतूहल आहे, म्हणून आम्ही शोधतो. पण आम्ही शोधलेलं लोक कशाला वापरतील, ते आमच्या हातात राहत नाही. एक विचारू? उद्या मी शपथेवर सांगितलं की हे उपजत नाही, तर तुमचा मुलगा तुम्हाला नको होईल का?"

"कायतरीच काय बोलता!" सुभेदार उखडलेच.

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "माझं काम काय आहे मग यात?"

आता एवढं उलगडून सांगितल्यावर शहाणा माणूस काय ते समजला असता. पण सुभेदार परतीच्या एस्टीत बसले तेव्हा त्यांनी बाईंच्या बोलण्यातलं नेमकं आपल्या सोयीचं तेवढं निवडून घेतलं होतं. वंशाचा वाटा असतो. संगतीनं होत नाही. म्हणजे रक्तात असतं. सही नसली तर नसली, बोर्डाचा निकाल लागला होता. कराड येईपर्यंत भावकीपुढं करायचं भाषणसुद्धा तयार झालं.

बैठक भैरोबाच्या मंडपात बसली. बापे सतरंजीवर, बायका खांबांच्या पलीकडं. मधोमध हरीतात्या, भावकीतले सगळ्यांत वडीलधारे, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून. त्यांच्या शेजारी त्यांचा नातू पृथ्वीराज, वरदच्याच वयाचा. मान सुभेदारांकडून निघाला तर त्याच्याकडं जायचा होता. लहानपणी वरद नि तो एका सायकलवर शाळेत गेलेले. आज मात्र तो नखं कुरतडत खाली बघत होता.

सुभेदार उठले. छाती काढून, परेडवर असल्यासारखे.

"मी सांगलीला जाऊन आलो. मोठ्या डाक्टरबाईंना भेटलो. शास्त्रानं सांगितलंय, ह्यो पोराचा दोष न्हाई. संगतीनं व्हत न्हाई, लाडानं व्हत न्हाई. जन्मजात असतंय. रगतात असतंय. तवा काठी वरदच धरणार. इशय संपला."

आणि ते बसले. आता कुणी काही बोलायचं नाही, बोर्डाचा निकाल लागल्यावर कोण बोलतं? कुणी बोललंही नाही.  हरीतात्यांनी टोपी उचलली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"नाथा, रगतात म्हंजी तुज्याच रगतात की रं?"

"व्हय. म्हंजी..."

"म्हंजी तुज्या घराच्या. तुज्या बाच्या, आज्ज्याच्या. बेण्यातच हाय म्हण की."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग मयूरीच्या अंगातबी तेच रगत." दुसरा म्हणाला, "मलकापूरकरांना ठावं हाय का? म्होरल्या म्हयन्यात सुपारी हाय न्हवं?" तिसऱ्यानं तर कमाल केली. अगदी चांगल्या मनानं, समजूत घातल्यासारखा बोलला, "काळजी करू नगा, सुभेदार. आता लय तपासण्या निघाल्यात. मयूरीच्या येळंला पोटातच बघून घ्यायचं. तसलं निघालं तर ठेवायचंच न्हाई. पुढची पिढी चोख!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ज्या गावात सोयरीक जुळवताना सात पिढ्यांचं रक्त चाळून बघतात, तिथं हा भला माणूस छाती काढून सांगून बसला होता की आमच्या रक्तातच आहे! साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसऱ्या कुणी अशी चूक केली नसती. केली असती तर बायकोनं आधीच तोंडावर हात ठेवला असता.

पण सुभेदारांच्या कानात आता भावकी नव्हतीच. फाटकाबाहेरची ती पोरगी होती. आणि त्या पोरीच्या मागून दुसरंच काहीतरी वर आलं. वरद पोटात होता तेव्हा ते सीमेवरून रजेवर आले होते. गोदावरीला घेऊन साताऱ्याला डॉक्टरकडं गेले होते. त्या वेळी कुणी डॉक्टर म्हणाला असता, 'हवालदार, हे मूल मोठं होऊन असं निघेल, काय करायचं?' तर? सुभेदारांना आपलं त्या वेळचं उत्तर माहीत होतं. विचारायचीही गरज नव्हती.  ते पोरगं, सायकल शिकताना दोन्ही गुडघे फोडून हसत घरी येणारं, आजारी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसणारं, पोत्यातलं हळकुंड मोडून वास घेणारं. त्याचं काहीच नसतं. नावसुद्धा नसतं. आणि आपण इथं छाती काढून बसलो असतो.

"नाथा, ऐक माजं," हरीतात्या म्हणत होते. म्हातारा दुष्ट नव्हता, उलट खरंच वाट काढत होता. "रगताचं काढू नगंस. असं म्हण, पोरगं सांगलीला जाऊन संगतीनं बिघडलं. चार वर्सांनी येईल ताळ्यावर. त्याचं त्यानं निस्तरंल. तुजं रगत चोख ऱ्हातंय, पोरीची सोयरीक ऱ्हाती. काठी ह्या वर्सापुरती पृथ्वीराजला दिऊ, फुडं मान तुज्याच घरात. बोल, जन्मजात का संगतीनं? तुज्या तोंडानं सांग, आमी तेच धरतो."

रक्त म्हणावं तर पोरगी अडकते. संगत म्हणावं तर पोरगा गुन्हेगार ठरतो. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे सुभेदार. त्यांनी खांबांपलीकडं बघितलं. गोदावरीबाईंनी मान खाली घातली होती. मयूरी मात्र उठून उभी राहिली. भावकीच्या बैठकीत बायकांनी बोलायची रीत नाही. पण ती साताऱ्याच्या कारखान्यात मशीनवर चाळीस माणसांना हुकूम सोडते, तिला कुठली रीत!

"अण्णा, माझ्याकडं बघू नका," ती म्हणाली. "माझ्या लग्नापायी दादाला बिघडवू नका."

सुभेदार पुन्हा उठले. या वेळी छाती बिती काही नव्हती, साधा म्हातारा माणूस उठतो तसे, गुडघ्यावर हात देऊन.

"तात्या, मी मघाशी बोललो ते चुकलं. डाक्टरबाईंनी मला असं काय लिहून दिल्यालं न्हाई. त्या म्हणल्या, एका माणसाचं सांगता येत न्हाई. मीच माज्या सोयीचं उचललं."

"मग संगतीनं म्हण."

"ते तर म्हणनारच न्हाई. ते खोटं हाय."

"आरं मग कशानं? कायतरी कारन आसंलच की!"

"आसंल. शास्त्रवाले शोधतील, न्हाईतर न्हाई शोधनार. मला नगं." त्यांचा आवाज फाटला. फौजेत अख्ख्या मैदानाला ऐकू जाणारा तो आवाज, जुन्या धोतरासारखा फाटला. "मयूरी अशी का झाली, ह्ये कदी इचारलं व्हय मी? मग वरदचंच का इचारायचं? पोरगं हाय माजं. चांगलं हाय. एवढंच ठावं हाय मला. काठी द्यायची तर द्या, न्हाईतर नगा दिऊ. पन कारन मी सांगनार न्हाई. आन आजपास्नं कुनाला इचारू दिनार न्हाई."

काठी पृथ्वीराजला गेली. हो, गेली. भावकी काही एका भाषणानं विरघळत नसते. पिढ्यान् पिढ्यांचा मान दोन मिनिटांत हातचा गेला, आणि सुभेदार मंडपातून बाहेर आले. गोदावरीबाई त्यांच्या शेजारून चालत होत्या. नेहमीसारख्या मागून नाही. घरी येऊन मयूरीनं सांगितलं की मलकापूरच्या मुलाला तिनं दादाचं आधीच सगळं सांगितलंय, आणि तो 'मग आहेराला देवदत्तसाठी एक शर्टपीस जास्त' एवढंच म्हणालाय. त्याच्या आईबापांचं मात्र बघावं लागेल. सुभेदार बघतच राहिले. घरातल्या बायका एवढ्या पुढं कधी निघून गेल्या, आणि आपण फाट्यावर हवा खात उभे!

त्यांनी फोन उचलला.

"वरद, यात्रंला ये."

पलीकडून वरदनं विचारलं, "रिपोर्ट मिळाला का, अण्णा?"

"न्हाई."

"मग भावकीला काय सांगितलंत?"

"काय न्हाई सांगितलं. काठी गेली आपली."

"माझ्यामुळं..."

"गप. तुज्यामुळं काय न्हाई. येतूस का न्हाई, तेवढं बोल. आन देवदत्तला घिऊन ये. तुजी आई कवाधरनं इचारती, त्यो तिखट खातो का आळणी, आन तुमी बापलेक कोन सांगतच न्हाई तिला."

वरद हसायला लागला, आणि हसता हसता त्याचं काहीतरी दुसरंच झालं. सुभेदारांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. ठेवून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

यात्रेच्या दिवशी दोघं आले. देवदत्त सडपातळ, चष्मेवाला, उन्हानं लालबुंद झालेला. गोदावरीबाईंच्या पहिल्या घासालाच त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो आळणी खाणारा निघाला. गावानं बघितलं. काही जणांनी तोंड फिरवलं, काहींनी 'कवा आलास?' विचारलं. मलकापूरचे पाहुणे यायचं म्हणाले होते; मुलाची आई आली नाही, पण बाप आला, आणि गप्प का होईना, पंगतीत सुभेदारांच्या शेजारी बसला. एवढं पुष्कळ होतं.

दुपार कलली तशी काठी उठली. ढोल, हलगी, गुलाल. पृथ्वीराजनं बुंधा पट्ट्यात घेतला. सुभेदार आणि वरद चार लोकांसारखे एका बाजूच्या दोरीला लागले. सुभेदारांच्या हयातीत यात्रेला त्यांच्या हातात दोरी पहिल्यांदाच आली होती. मान वर करून त्यांनी तुऱ्याकडं बघितलं आणि जिवाला लागलं. खोटं कशाला बोला.

देवळाच्या चढाला लागेपर्यंत ठीक होतं. चढावर वारा सुटला. कापडाचे पट्टे फुगले आणि काठीनं एकदम अंग टाकलं. पृथ्वीराजनं तालमीत दंड कमावले होते, पण काठी दंडांनी पेलत नाही, ती कमरेनं पेलायची असते, आणि ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं होतं ते वरदला, अंगणात, वाशाच्या दांड्यावर, वर्षानुवर्षं. काठी पोरं बसली होती त्या कट्ट्याकडं झुकायला लागली. बायकांनी किंकाळी फोडली.

"वरद्याऽऽ!" पृथ्वीराज ओरडला. ढोलाच्यावर, सगळ्या गावाच्या कानात जाईल असा. "आरं हितं ये रंऽ! बुंध्याला ये! मला न्हाई झेपतऽ!"

वरदनं बापाकडं बघितलं. "जा!" सुभेदार ओरडले. तो पळाला. पृथ्वीराजच्या पाठीमागून त्यानं बुंध्याला मिठी घातली, कंबर खाली दाबली, पाय रोवले. मोकळ्या झालेल्या दोरीला सुभेदारांच्या मागं कुणीतरी लागलं. बघतात तर देवदत्त, चष्मा गुलालानं भरलेला, काही दिसत नसताना जीव खाऊन ओढत होता.

"डावीकडं घे!" वरद पृथ्वीराजला सांगत होता. "गुडघा वाकव. वारा जाऊ दे. आता हळूच. हां, गड्या!"

आणि हरीतात्या, टोपी हातात, एका घराच्या वळचणीखालून पुढं धावत येऊन बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "वरदाऽ, सोडू नगंस रं पोराऽ! धर! धर तसाच!"

काठी थरथरली, थांबली, आणि दोघांच्या हातांत सरळ उभी राहिली. गावानं 'चांगभलं' केलं. चढ अजून बराच बाकी होता. पृथ्वीराजनं बाजूला होऊन बुंधा एकट्या वरदकडं दिला नाही, आणि वरदनंही हात काढला नाही. दोघं तसेच, खांद्याला खांदा लावून, पावलापावलानं वर निघाले. सुभेदार ओरडत होते, रडत होते, आणि दोरी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरून होते.